वाहत्या श्लेष्म्यावरचे कण : प्रकल्प नोंदी, जून ते डिसेंबर २०२४

१० जून २०२४

श्वसनमार्गातील विषाणुसंसर्गावर उपचार करणारे आणि तो होऊ न देणारे, श्लेष्म्याला (म्युकसला, म्हणजे श्वसनमार्गाच्या अस्तरावरील चिकट द्रवाला) चिकटणारे नॅनोकण तयार करणे, असे आमच्या मंजूर प्रस्तावात म्हटले आहे. उपचार आणि प्रतिबंध ही दोन्ही कामे एकाच प्रकारच्या कणाकडून होतील, हे त्यात गृहीत धरलेले आहे. हे गृहीतक टिकते की नाही, हे वर्षअखेरीपर्यंत कळावे एवढ्या अपेक्षेने या नोंदी ठेवत आहे.

इन्फ्लुएन्झाचा विषाणू असो की सार्स-कोव्ह-२, श्वासाबरोबर आत आल्यावर त्याची पहिली गाठ पेशीशी पडत नाही, श्लेष्म्याशी पडते. निरोगी माणसाच्या श्वसनमार्गातील श्लेष्म्यात सुमारे ९७ टक्के पाणी असते. त्याला चिकटपणा आणि ताण देण्याचे काम उरलेल्या अल्प भागातील म्युसिन नावाची मोठी प्रथिने करतात. यांपैकी एमयूसी५एसी आणि एमयूसी५बी ही श्वसनमार्गात प्रमुख होत. म्युसिनच्या साखळीवर शर्करांची दाट झालर असते आणि त्या शर्करांच्या टोकांना सियालिक आम्ल व सल्फेट गट असल्यामुळे संपूर्ण जाळ्याला ऋणप्रभार येतो. म्हणूनच धनप्रभार असलेल्या कायटोसॅन या नैसर्गिक बहुलकाची निवड या क्षेत्रात जवळजवळ ठरलेली असते, आणि आम्हीही तेथूनच सुरुवात करत आहोत.

पुण्यात बसून हे काम करताना एक संदर्भ ध्यानात ठेवावा लागतो. सीरम इन्स्टिट्यूटने २०१० मध्ये एच१एन१ साठी नाकात फवारायची लस बाजारात आणली होती. भारत बायोटेकच्या नाकावाटे द्यायच्या कोविड लशीला २०२२ मध्ये मान्यता मिळाली. त्यामुळे नाकातला फवारा म्हटले की ऐकणारा लशीचाच विचार करतो. लशीने जागवलेली प्रतिकारशक्ती तयार व्हायला दिवस लागतात आणि ती पुढे टिकते. आमच्या कणांना मात्र जे काही करायचे ते श्लेष्म्यातच आणि तात्काळ करायचे आहे.

१८ जून २०२४

कायटोसॅन आले. कोळंबीची टरफले हायड्रोक्लोरिक आम्लात ठेवून त्यांतील कॅल्शियम कार्बोनेट काढतात, सौम्य अल्कलीने प्रथिने धुऊन काढतात, आणि उरलेले कायटिन तीव्र सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये तापवले की त्यातील अ‍ॅसिटिल गट निघून कायटोसॅन मिळते. कोकण किनाऱ्यावरच्या कोळंबी प्रक्रिया उद्योगात या टरफलांचे ढीग पडतात, त्यामुळे कच्चा माल स्वस्त आहे; एकसारखा माल मात्र दुर्मीळ आहे. दोन लॉट मागवले होते. प्रमाणपत्रावर दोन्हींचे डीअ‍ॅसिटिलेशन जवळपास सारखेच नोंदलेले असूनही एकाचे द्रावण पाण्यासारखे ओतता येते आणि दुसरे पिपेटच्या टोकातून तारेसारखे लोंबते. रेणुभारातील फरक एवढाच याचा अर्थ; पण पुढे होणारी प्रत्येक तुलना एकाच लॉटवर करावी लागेल.

कोळंबीची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांचा प्रश्न मार्गदर्शकांनी आजच उपस्थित केला. ही अ‍ॅलर्जी मुख्यतः ट्रोपोमायोसिन या प्रथिनामुळे होते, कायटोसॅनमुळे नव्हे; पण धुण्यात कसूर राहिली तर प्रथिनाचा अंश मागे राहू शकतो, आणि हा पदार्थ थेट नाकात फवारायचा आहे. दोन्ही लॉटमधील प्रथिनांचे प्रमाण मोजायला दिले असून अ‍ॅस्परजिलस नायजर या बुरशीपासून काढलेल्या कायटोसॅनचीही मागणी नोंदवली आहे.

२७ जून २०२४

आज पहिले कण तयार झाले. सांतियागो दे कोंपोस्तेला विद्यापीठातील संशोधकांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेली आयनिक जेलेशनची पद्धत अजूनही सर्वांत सोपी आहे: तीत तापवणे नाही, तीव्र द्रावके नाहीत. १ टक्का अ‍ॅसेटिक आम्लात विरघळवलेले कायटोसॅन मॅग्नेटिक स्टररवर फिरत असताना त्यात सोडियम ट्रायपॉलिफॉस्फेटचे द्रावण थेंबाथेंबाने सोडायचे. सुरुवातीचे बरेच थेंब पडून गेले तरी द्रावण स्वच्छच दिसते. मग बीकरच्या कडेशी निळसर झाक उमटते. मागे काळा कागद धरला की ती चांगली दिसते आणि कण तयार झाले हे उपकरणाआधी डोळ्यांना कळते. तेथून पुढे थोडेसेच जास्त सोडले की निळी झाक दुधी होते आणि तळाशी कापसासारखे पुंजके बसू लागतात. निळसर आणि दुधी यांच्यामधली पट्टी अरुंद आहे, आणि आमचे सारे काम त्या पट्टीत चालणार आहे.

डायनॅमिक लाइट स्कॅटरिंगवर (विखुरलेल्या प्रकाशावरून कण मोजण्याच्या तंत्रावर) आकार २०० नॅनोमीटरच्या आसपास आला आणि झीटा पोटेन्शियल, म्हणजे कणाच्या पृष्ठभागावरील प्रभाराचे माप, स्पष्टपणे धन. इन्फ्लुएन्झाचा विषाणू साधारण १०० नॅनोमीटरचा असतो, म्हणजे आमचा कण त्याच्यापेक्षा मोठा आहे. आकार कमी करण्याची घाई तूर्त करायची नाही असे ठरले.

४ जुलै २०२४

कण शुद्ध पाण्यात आठवडाभर व्यवस्थित राहिले. कृत्रिम नासिकाद्रवात घातल्यावर मात्र काही तासांतच त्यांचा आकार वाढू लागला. सोडियम, पोटॅशियम आणि कॅल्शियमची क्लोराइडे या द्रवात असतात आणि ती कणांवरील प्रभार झाकून टाकतात. एकमेकांना दूर ठेवणारे बळ संपले की कण एकत्र येतात. यात अनपेक्षित काही नाही. महत्त्वाची गोष्ट सामूची (पीएचची) आहे. कायटोसॅनवरील अमिनो गटांचा पीकेए, म्हणजे ज्या सामूला निम्मे गट प्रभारित असतात तो, ६.५ च्या आसपास असल्यामुळे नाकातील ५.५ ते ६.५ या सामूच्या पट्ट्यात कणावर बऱ्यापैकी प्रभार राहतो. खाली फुप्फुसाच्या दिशेने सामू उदासीन होत गेला की प्रभार ओसरतो आणि त्याबरोबर चिकटण्याची क्षमताही ओसरते. उदासीन सामूलाही धनप्रभार टिकवणारे ट्रायमिथाइल कायटोसॅन हा एक पर्याय आहे, परंतु कायमचा धनप्रभार पेशींच्या पटलालाही त्रास देतो. नाकापुरते काम करायचे असेल तर साधे कायटोसॅन पुरे, असे माझे मत आहे. मार्गदर्शकांनी होकार दिलेला नाही आणि नकारही दिलेला नाही.

१९ जुलै २०२४

म्युसिनच्या चाचण्या झाल्या. डुकराच्या जठरातून काढलेले बाजारातील म्युसिन वापरले. त्याच्या द्रावणात कण मिसळत गेल्यावर झीटा पोटेन्शियल धनाकडून शून्याकडे आणि तेथून ऋणाकडे सरकले, द्रावणाचा गढूळपणा वाढला. म्हणजेच कणांवर म्युसिनचा थर चढला. अहवालात याला ‘उत्तम श्लेष्म-आसंजन’ असे म्हणण्याचा प्रघात आहे.

या प्रघातावर माझा आक्षेप आहे, तो येथे नोंदवून ठेवतो. हे म्युसिन शुद्धीकरणाच्या वाटेवर आपले मूळ जाळे गमावून बसलेले असते. त्यापासून ताज्या श्लेष्म्यासारखे जेल बनत नाही. त्यात विरघळलेल्या सुट्या साखळ्यांना कण चिकटतो, एवढेच या चाचणीवरून सिद्ध होते. जिवंत नाकात कण कोठे थांबेल आणि किती वेळ थांबेल, याबद्दल ती काहीही सांगत नाही. पुढील प्रयोग ऊतीवरच केला पाहिजे.

२ ऑगस्ट २०२४

ओळखीच्या खाटिकाकडून सकाळीच शेळीची ताजी श्वासनलिका मिळाली. बर्फावरील क्षारद्रावणातून ती प्रयोगशाळेत आणली, उभी चिरली, ओलसर व उबदार कक्षात पसरून ठेवली आणि तिच्या आतल्या पृष्ठभागावर कोळशाच्या भुकटीचे काही कण सोडले. पेशींवरील पक्ष्माभिका, म्हणजे सिलिया, प्राण्याच्या मृत्यूनंतरही काही तास फटकारे मारत राहतात. भिंगाखाली तो गुलाबी पृष्ठभाग स्थिर दिसत होता. त्यावरचे काळे ठिपके मात्र एका रांगेत, एकाच संथ गतीने, स्वरयंत्राच्या टोकाकडे सरकत होते. दोन ठिपके एका लहानशा बुडबुड्यापाशी अडले, त्याला वळसा घालून पुन्हा रांगेत आले. माणसाच्या नाकात हाच प्रवाह मिनिटाला साधारण ५ ते ६ मिलिमीटर वेगाने घशाकडे जातो.

त्यानंतर फ्लुरोसंट रंग जोडलेले आमचे कण सोडले, आणि शेजारीच त्याच रंगाचे पण न चिकटणारे नियंत्रण कण सोडले. आमचे कण श्लेष्म्यात घट्ट रुतले, क्षारद्रावणाच्या हलक्या धारेने निघाले नाहीत. नियंत्रण कण त्याच धारेत बरेचसे वाहून गेले. चिकटण्याची परीक्षा उत्तीर्ण झाली म्हणायला हरकत नाही. पण रुतलेले कणही कोळशाच्या ठिपक्यांबरोबर पुढे सरकतच होते, वेग किंचित कमी झाला असेल इतकेच. धावत्या एसटीत दांडी घट्ट धरून उभा असलेला प्रवासी पडत नाही, पण तो जागेवरही राहत नाही. आमच्या कणांचे तसेच आहे. ते ज्याला चिकटतात ते स्वतःच चालते आहे.

माणसांवरचे आकडे याच्याशी जुळतात. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गॅमा सिंटिग्राफीच्या (किरणोत्सारी खूण लावून शरीरातील पदार्थाचा माग काढण्याच्या) एका अभ्यासात साध्या द्रावणाचा अर्धा भाग नाकातून निघून जायला २१ मिनिटे लागली, कायटोसॅनच्या द्रावणाला ४१ आणि कायटोसॅनच्या सूक्ष्मगोलांना ८४ मिनिटे. चिकटण्यामुळे मुक्काम चौपट होतो ही मोठीच गोष्ट आहे. तरी तो मिनिटांतच मोजावा लागतो. प्रकल्पातील प्रत्येक निर्णय यापुढे या घड्याळाशी ताडून पाहायचा आहे.

१४ ऑगस्ट २०२४

५ तारखेला श्रावण लागला आणि ऊतीचा पुरवठा थांबल्यातच जमा झाला. खाटिकाकडे मालच कमी येतो, आणि जो येतो तो आम्हाला हव्या त्या वेळी कापलेला नसतो. भाद्रपदापर्यंत वाचन आणि आधीच्या मोजणीची फेरतपासणी करावी असे ठरले.

चिकटण्याच्या विरुद्ध टोकाचे काम जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील गटाने केलेले आहे. २००७ मध्ये त्यांनी कणांवर पॉलिइथिलीन ग्लायकॉलचा, म्हणजे पेगचा, आखूड साखळ्यांचा पण दाट थर चढवला आणि ताज्या, पातळ न केलेल्या मानवी श्लेष्म्यातून असे कण सहज सरकतात हे दाखवले. तो श्लेष्मा श्वसनमार्गातील नव्हता, योनिमार्गातील होता. त्यात २०० आणि ५०० नॅनोमीटरचे कण १०० नॅनोमीटरच्या कणांपेक्षा वेगाने गेले, हे आजही वाचणाऱ्याला चकित करते. लहान कण जाळ्याच्या आडवाटांत अडकत असावेत, असा त्याचा एक अर्थ लावला जातो.

असे निसरडे कण वापरले तर औषध पेशीपर्यंत पोहोचेल, हे म्हणणे सोपे आहे. वरचा श्लेष्मा ओलांडला तरी खाली सिलियांचा थर आहे. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील गटाने २०१२ मध्ये दाखवले की हा थर म्हणजे नुसते पातळ पाणी नसून पेशींना आणि सिलियांना जखडलेल्या म्युसिनांचा दाट कुंचला आहे आणि काही दहा नॅनोमीटरपेक्षा मोठ्या कणांना तो आत येऊ देत नाही. मग १०० नॅनोमीटरचा विषाणू आत जातो कसा? सार्स-कोव्ह-२ सिलियांवरील एसीई-२ या ग्राही रेणूला (पेशीवरील ज्या रेणूला विषाणू पकडतो त्याला) धरून हा अडथळा पार करतो, असे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामातून दिसले आहे. इन्फ्लुएन्झाची रीत वेगळी आहे: त्याच्या पृष्ठभागावरचे हीमॅग्लुटिनिन हे प्रथिन म्युसिनवरच्या सियालिक आम्लाला धरते, न्यूरामिनिडेज हे विकर (एन्झाइम) ते सियालिक आम्ल छाटते, आणि अशी पकड घेत-सोडत विषाणू खाली उतरतो. विषाणूंपाशी असलेले हे कसब आमच्या २०० नॅनोमीटरच्या गोळ्यापाशी नाही. सिलियांच्या थराजवळ तो अडणार हे धरूनच पुढची आखणी करावी लागेल.

२९ ऑगस्ट २०२४

फॅव्हिपिराविर हे विषाणुरोधक औषध भरलेल्या कणांचे औषध-विमोचनाचे आलेख आज पूर्ण झाले. फ्रान्झ सेल या विमोचन मोजण्याच्या उपकरणात चोवीस तासांपर्यंत औषध संथपणे बाहेर येत राहते. असा आलेख कोणत्याही नियतकालिकाला आवडेल, आणि सहकाऱ्याच्या चेहऱ्यावरचा आनंदही रास्त होता, कारण औषध अशा रीतीने धरून ठेवणे सोपे नाही.

तथापि २ ऑगस्टच्या नोंदीतील घड्याळ येथे लावले की हा आलेख निरुपयोगी ठरतो. निम्मे कण दीड तासाच्या आतच नाकातून निघून जाणार असतील, तर त्यानंतर सुटणारे बहुतेक औषध घशातून पोटात जाणार; म्हणजे नाकातल्या फवाऱ्याच्या नावाखाली आपण रुग्णाला अत्यल्प मात्रेची तोंडी गोळी देणार. नाकासाठीच्या कितीतरी शोधनिबंधांत चोवीस तासांचे विमोचन हे यश म्हणून मांडलेले दिसते आणि त्याच निबंधाच्या प्रस्तावनेत श्लेष्मा वीस मिनिटांत वाहून जातो असेही लिहिलेले असते. ही दोन वाक्ये एकमेकांच्या शेजारी ठेवून पाहण्याची पद्धत रूढ व्हायला हवी.

दुसरी अडचण याहून मूलभूत आहे. फॅव्हिपिराविर पेशीच्या आत गेल्यावर, तेथील विकरांनी त्याचे सक्रिय रूप केल्यावरच विषाणूच्या पॉलिमरेजला, म्हणजे त्याच्या जनुकांच्या प्रती काढणाऱ्या विकराला, अडवते. त्याचे कार्यस्थळ पेशीच्या आत आहे आणि आमचा कण त्याला पेशीच्या बाहेर, वाहत्या थरात धरून ठेवतो आहे.

१८ सप्टेंबर २०२४

गणपती विसर्जनानंतर प्रयोग पुन्हा सुरू झाले. औषधाविना केवळ अडसर म्हणून काम करणाऱ्या कणांकडे आता वळलो आहोत. आयोटा-कॅरॅजिनन हे लाल समुद्री शेवाळातून मिळणारे सल्फेटयुक्त बहुशर्करा (पॉलिसॅकराइड) आहे. त्यावरील दाट ऋणप्रभारामुळे ते विषाणूच्या पृष्ठभागावरील धन भागांना बिलगते आणि विषाणूला पेशीशी जोडू देत नाही. अर्जेंटिनात रुग्णालयातील ३९४ कर्मचाऱ्यांवर झालेल्या चाचणीत हा फवारा वापरणाऱ्यांपैकी १ टक्का आणि निष्क्रिय फवारा वापरणाऱ्यांपैकी ५ टक्के लोकांना कोविड झाला. प्रत्यक्ष रुग्णसंख्या दोन आणि दहा अशी होती, त्यामुळे या टक्क्यांवर फार भार टाकता येत नाही, पण दिशा उमेद वाढवणारी आहे.

कायटोसॅन आणि कॅरॅजिनन यांचे प्रभार विरुद्ध असल्याने दोन्ही मिसळताच कण बनतात. घोडे अडते ते वरचा थर कोणाचा यावर. कायटोसॅन जास्त ठेवले तर कण श्लेष्म्याला चिकटतो, पण विषाणूला धरणारे कॅरॅजिनन आत गाडले जाते. कॅरॅजिनन जास्त ठेवले तर विषाणूला धरणारी बाजू उघडी राहते, पण ऋण कण ऋण श्लेष्म्यात रुतत नाही. कोणते द्रावण कशात सोडले यावरही फरक पडतो. आजच्या तुकडीत कॅरॅजिननमध्ये कायटोसॅन ओतले तेव्हा शेवयांसारखे धागे झाले. उलट क्रमाने, जोरात ढवळत केले तेव्हा नीट कण आले.

विषाणूऐवजी फाय-६ हा जिवाणूभक्षी (केवळ जिवाणूंना संसर्ग करणारा विषाणू) वापरण्याची सूचना आली. त्याला मेदाचे आवरण असते आणि तो माणसाला बाधत नाही, त्यामुळे आमच्या प्रयोगशाळेत तो चालेल. तो हीमॅग्लुटिनिनधारी नाही, सियालिक आम्लाला धरत नाही. तेव्हा त्याच्यावरून केवळ प्रभारामुळे होणारी धरपकड कळेल, त्यापलीकडे काही नाही. खऱ्या विषाणूवरचे काम योग्य जैवसुरक्षा असलेल्या संस्थेतच होऊ शकते. पाषाणची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था हाकेच्या अंतरावर आहे. मात्र तेथे नेण्याजोगे काही हाती आल्याशिवाय दार ठोठावण्यात अर्थ नाही.

३ ऑक्टोबर २०२४

कान-नाक-घसा तज्ज्ञ असलेल्या एका डॉक्टरांशी दीर्घ चर्चा झाली. प्रयोगशाळेत बसून सहज लक्षात न येणारी बरीच व्यावहारिक माहिती त्यांनी दिली. फवाऱ्याचा मोठा भाग नाकपुडीच्या तोंडाशी, जेथे त्वचा आणि केस असतात व सिलिया नसतात, तेथेच पडतो. नळी सरळ मधल्या पडद्याकडे रोखली तर तेथील अस्तर कोरडे पडून रक्त येते. आणि फवारल्यानंतर जोराने श्वास ओढण्याच्या सवयीमुळे औषध थेट घशात उतरते. पडदा वाकडा असलेल्या रुग्णात दोन नाकपुड्यांचा हिशोबच वेगळा असतो. नाकाच्या आतील पृष्ठभाग सुमारे १५० चौरस सेंटिमीटर आणि एका फवाऱ्यात साधारण १०० मायक्रोलिटर द्रव, एवढ्यावरून सबंध नाकाला अस्तर लावल्याची भाषा आम्ही करू नये, असे त्यांनी हसत सुचवले. ते योग्यच आहे.

सिलियांचे काम तपासण्याची जुनी सॅकरिन चाचणीही त्यांनी समजावली. नाकातल्या खालच्या शंखास्थीच्या पुढच्या टोकामागे सॅकरिनचा बारीक कण ठेवतात आणि गोड चव कधी लागते हे पाहतात. निरोगी व्यक्तीला ती बहुधा वीस मिनिटांच्या आत लागते. आमच्या कणांमुळे ही वेळ लांबली तर त्यातून दोन विरुद्ध अर्थ निघू शकतात: श्लेष्मा थोडा थबकला, जे आम्हाला हवे आहे; किंवा सिलिया दुखावले, जे मुळीच नको आहे. मानवी चाचणी आज कक्षेत नाही, पण श्वासनलिकेवर दोन्ही गोष्टी वेगळ्या करून पाहता येतील. कण धुऊन काढल्यावर कोळशाचे ठिपके पूर्वीच्या गतीने पुन्हा धावले पाहिजेत, ही कसोटी यापुढे प्रत्येक तुकडीला लावायची.

फवाऱ्याच्या बाटलीतील परिरक्षक म्हणून बेन्झाल्कोनियम क्लोराइड टाळायचे आहे. सिलियांची हालचाल त्याने मंदावते हे प्रयोगशाळेतील अभ्यासांत दिसलेले आहे.

२२ ऑक्टोबर २०२४

सुरक्षिततेची टिपणे. कायटोसॅन पेशींमधील घट्ट सांधे तात्पुरते सैल करते आणि औषधे रक्तात पोहोचवण्यासाठी हा गुण वाखाणला जातो. प्रतिबंधाच्या फवाऱ्यात हाच गुण दोष ठरू शकतो, कारण काही विषाणूंचे ग्राही रेणू पेशीच्या वरच्या बाजूला नसून त्या सांध्यांत व बाजूच्या भिंतीवर दडलेले असतात. अ‍ॅडिनोविषाणूचा कार हा ग्राही रेणू त्याचे प्रसिद्ध उदाहरण. दार बंद ठेवण्यासाठी नेमलेला पदार्थच ते किलकिले करत असेल तर मात्रा आणि रेणुभार दोन्ही फार विचारपूर्वक ठरवावे लागतील.

नाकाच्या वाटेचा इतिहासही सावध करणारा आहे. स्वित्झर्लंडमध्ये २०००-०१ च्या हंगामात नाकावाटे दिलेल्या एका इन्फ्लुएन्झा लशीनंतर चेहऱ्याच्या पक्षाघाताचे रुग्ण लक्षणीय वाढले आणि ती लस मागे घेण्यात आली, तिच्यात ई. कोलाय जिवाणूचे विष प्रतिकारशक्तीला चेतवणारे पूरक म्हणून घातलेले होते. अमेरिकेत २००९ मध्ये सर्दीवरच्या जस्तयुक्त नासिका जेलमुळे गंधज्ञान गेल्याच्या तक्रारींवरून अन्न व औषध प्रशासनाने इशारा दिला. त्याच वर्षी झानामिवीर या इन्फ्लुएन्झावरील औषधाची श्वासातून घ्यायची भुकटी द्रावण करून व्हेंटिलेटरमधून दिल्याने, तिच्यातील लॅक्टोजमुळे यंत्र तुंबले आणि एक रुग्ण दगावला. आमचे कण गोठवून वाळवताना लॅक्टोजसारखीच ट्रेहॅलोज ही शर्करा घालावी लागते. भुकटीच्या वेष्टनावर ती कशासाठी नाही हेही लिहिणे आवश्यक आहे.

१४ नोव्हेंबर २०२४

आजच्या बैठकीत औषध बदलण्याचा प्रस्ताव मी मांडला, त्यामागची कारणे तपशीलवार लिहितो.

चिकटणारा कण औषधाला श्लेष्म्यात ठेवतो. तेव्हा ज्या औषधाचे काम श्लेष्म्यातच आहे असे औषध त्याला द्यावे. न्यूरामिनिडेज पेशीच्या बाहेर, विषाणूच्या पृष्ठभागावर असते. श्लेष्म्यातून वाट काढतानाही ते लागते आणि संसर्ग झालेल्या पेशीतून नवे विषाणू सुटे होतानाही लागते. त्याला अडवले तर आत येणारा विषाणू म्युसिनच्या सियालिक आम्लाला धरून बसेल, पकड सोडवू शकणार नाही, आणि श्लेष्म्याबरोबर घशात व तेथून पोटात जाईल. जो प्रवाह आजवर आमच्या कणांना वाहून नेत असल्यामुळे अडचणीचा वाटत होता, तोच येथे विषाणूला बाहेर काढण्याचे काम करतो.

न्यूरामिनिडेजला अडवणाऱ्या औषधांपैकी ऑसेल्टामिवीर या कामाचे नाही. त्याचे फॉस्फेट हे पूर्वऔषध आहे, त्याला सक्रिय करणारे विकर प्रामुख्याने यकृतात असते. नाकात फवारून ते तसेच पडून राहील. झानामिवीर मात्र आहे त्याच रूपात सक्रिय आहे, तोंडावाटे जेमतेम दोन टक्केच शोषले जाते म्हणून मुळातच ते श्वासावाटे देण्यात येते, आणि १९९९ पासून ते वापरात आहे. त्याची रचनाही सियालिक आम्लाच्याच साच्यावर बेतलेली आहे.

मार्गदर्शकांनी दोन शंका काढल्या. पहिली, हे केवळ इन्फ्लुएन्झापुरते होईल आणि प्रस्तावात व्यापक भाषा आहे. हे खरे आहे. पण सर्व विषाणूंवर थोडाफार चालणाऱ्या कणापेक्षा एकावर का होईना, कारण समजून चालणारा कण मला अधिक मोलाचा वाटतो. दुसरी शंका अधिक अवघड होती: झानामिवीर पाण्यात इतके विरघळते की ते कणात राहील का?

२७ नोव्हेंबर २०२४

राहत नाही. कण धुताना बहुतेक झानामिवीर पाण्याबरोबर निघून जाते. ट्रायपॉलिफॉस्फेटचे प्रमाण वाढवून थोडा फरक पडला, समाधानकारक नाही.

एमआयटीमधील संशोधकांनी झानामिवीर बहुलकाच्या लांब साखळीला रासायनिक बंधाने जोडले होते, आणि एकाच साखळीवरचे अनेक रेणू विषाणूला एकाच वेळी धरत असल्यामुळे त्याची परिणामकारकता सुट्या औषधापेक्षा कितीतरी पटींनी वाढली होती. औषध कायटोसॅनलाच जोडले तर गळतीचा प्रश्न मिटतो आणि विमोचनाचा आलेख काढण्याचीही गरज उरत नाही, कारण काहीही सुटे व्हायचेच नाही. अमिनो गट औषधाला दिले की चिकटण्यासाठी तेवढे कमी उरतात, हा हिशोब मात्र सांभाळावा लागेल. शंभरातील थोडेच गट वापरून सुरुवात करू.

९ डिसेंबर २०२४

सुधारित प्रस्ताव आज सादर केला. उपचार आणि प्रतिबंध यांची फारकत केली आहे. पेशीच्या आत काम करणाऱ्या औषधांचा भाग या प्रकल्पातून वगळला असून, त्यासाठी वेगळ्या प्रकारचा कण आणि वेगळी वाट लागेल असे कारण दिले आहे. उरलेले काम नाकापुरते, इन्फ्लुएन्झापुरते आणि मुख्यतः प्रतिबंधापुरते आहे. संसर्गाच्या पहिल्या एक-दोन दिवसांत त्याचा उपयोग होईल का, हा प्रश्न खुला ठेवला आहे. कॅरॅजिननचे मिश्र कण तुलनेसाठी चालू राहतील. मूळ शीर्षक बदलण्यास कार्यालयाची ना नाही, फक्त अर्जाचा नमुना नव्याने भरावा लागला.

नियामक बाजूचे एक कलम मी आग्रहाने घातले. युरोपात कॅरॅजिननचे फवारे वैद्यकीय उपकरण म्हणून विकले जातात, कारण ते भौतिक अडसर मानले जातात. झानामिवीर जोडलेल्या कणाला ती पळवाट नाही. ते औषध आहे, आणि नॅनो स्वरूपातील औषध असल्यामुळे जैवतंत्रज्ञान विभागाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेली नॅनोऔषधांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वे त्याला लागू धरावी लागतील. आकार, प्रभार आणि लॉटगणिक होणारा फरक यांची नोंद त्यात अपेक्षित आहे, म्हणून जूनपासूनच्या सर्व तुकड्यांची मोजणी एका तक्त्यात आणण्याचे काम सहकाऱ्याने हाती घेतले आहे.

जानेवारीतील पहिली चाचणी जिवंत विषाणूविना होईल: एमयूनाना हे फ्लुरोसंट संयुग न्यूरामिनिडेजने छाटले की चमकते, आणि ती चमक किती कमी होते यावरून जोडलेले औषध अजून काम करते का हे कळेल. त्यासाठी सहज मिळणारे जिवाणूंचे न्यूरामिनिडेज चालणार नाही, झानामिवीरने ते फारसे दबत नाही. इन्फ्लुएन्झाचेच रीकॉम्बिनंट (जनुकतंत्राने बनवलेले) विकर मागवले आहे. ते उणे ८० अंशांवर ठेवावे लागते, आणि आमच्या शीतकपाटातील खालचा कप्पा तोपर्यंत रिकामा करून हवा आहे.